सत्तेचाळिसावं पान

१

पान सत्तेचाळीस कोरं होतं.

कोरं पान ही एरवी बोंब मारण्यासारखी गोष्ट नाही. पण हे पान राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार महोत्सवाच्या अकराव्या वर्षाच्या खेळवहीतलं होतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं पान निळ्या शाईनं काठोकाठ भरलेलं होतं. खेळवही म्हणजे परीक्षकांसमोर दाखवलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंद. कुठलं रीळ किती वाजता चढवलं, मध्ये दिवे गेले का, फिल्म तुटली का, हे सगळं ऑपरेटरनं पानाच्या एकाच बाजूला लिहायचं आणि खाली सही करायची.

ती निळी शाई आमच्या ह्यांची होती. अठ्ठावीस वर्षं ह्यांनी महोत्सवाचं प्रोजेक्टर मशीन चालवलं. तीन महिन्यांपूर्वी हे गेले. अक्षर बघून मला काहीतरी वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असूनही आपला नसतो, तशी मी तीन महिने वावरत होते. रडले तर एकदाही नव्हते.

मी आयुष्यभर सेटवर कंटिन्युइटी सांभाळली. नायकानं कप डाव्या हातात धरला होता की उजव्या, बटण वरचं उघडं होतं की खालचं, हे लक्षात ठेवायचं काम. सरकारी पत्रात त्याला 'सातत्य सहाय्यक' म्हणतात. सेटवर मला सगळे खोडीबाई म्हणायचे. महोत्सवाला पन्नास वर्षं झाली म्हणून जाडजूड इतिहास छापायचा ठरला, आणि तारखा तपासायला संचालकांनी मला बोलावलं. सोमवारी मी अकराव्या वर्षाची वही उघडली, कोरं पान पाहिलं आणि कळवलं. मंगळवारी सकाळी मी संचालकांच्या खोलीत होते.

"बाई, दप्तरवालीनं गेल्या महिन्यात सगळ्या वह्या तपासल्यात," संचालक म्हणाले. हा पन्नाशीचा, नीटनेटका, कशालाही हात लावण्याआधी रुमाल काढणारा माणूस. "अकराव्या वहीपुढे लिहिलंय, 'पानं शहाण्णव, पूर्ण.' खाली सही आहे. त्यानंतर दप्तरखोलीत बाहेरची दोनच माणसं गेली. समीक्षक आणि उस्ताद. मग तुम्ही. किल्ली मात्र तिच्याचकडे असते."

"तिनं घेतलं असेल असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटतं याला किंमत नाही. शुक्रवारी वरचे लोक येणार आहेत. पान मिळालं नाही तर तिला निलंबित करायचं. पत्र टाइप करून ठेवलंय." त्यांनी ड्रॉवरकडे बोट दाखवलं. "अकरा महिने राहिले होते बिचारीचे निवृत्तीला."

"पण त्या पानावर होतं तरी काय?"

"तेच तर. शेहेचाळिसावर अठरावा चित्रपट संपतो, अठ्ठेचाळिसावर विसावा सुरू होतो. म्हणजे गेलेलं पान एकोणिसाव्याचं." त्यांनी रुमाल घडी करून ठेवला. "एकोणिसावा होता शिंप्याचा चित्रपट."

२

शिंप्याचा चित्रपट माहीत नाही असा माणूस ह्या धंद्यात सापडायचा नाही. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण सगळे असंच म्हणतात. शिंप्याची बायको मरते, तिची अंत्ययात्रा निघते आणि मग पडद्यावर मुलीचं लग्न सुरू होतं. त्या लग्नात तीच बायको हसत फिरत असते. मृत्यू आधी आणि आनंद नंतर, ह्या धाडसाला अकराव्या वर्षी सर्वोत्कृष्ट संकलनाचा पुरस्कार मिळाला. आज शाळा-कॉलेजांत तो शिकवतात. संकलक होते उस्ताद, आणि यंदा त्यांनाच जीवनगौरव द्यायचं ठरलं होतं.

दप्तरखोली तळघरात होती. लोखंडी कपाटं, जुन्या डब्यांचा आंबूस वास, भिंतीवर पन्नास वर्षांचे गटफोटो. पहिल्या वर्षी एका कॉलेजच्या उसन्या हॉलमध्ये बारा चित्रपट दाखवले होते, आणि पदकं वेळेवर न आल्यामुळे विजेत्यांना खेळाच्या स्पर्धेतली पदकं उलटी करून दिली होती. हे मी त्याच आठवड्यात पडताळलं होतं. चौथ्या वर्षी कुणी मोठे पाहुणे मध्येच आले म्हणून खेळ थांबवला, पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि परीक्षकांत हाणामारीची वेळ आली. तेव्हापासून नियम आला: परीक्षकांसमोर चालू झालेला खेळ थांबवायचा नाही. थांबला तर चित्रपट बाद. आमचे हे तो नियम पाठ म्हणून दाखवायचे.

दप्तरताई टेबलाशी बसून होती. डोळे सुजलेले, समोर चहा निवलेला.

"काकू, मी कशाला चोरू हो?" ती म्हणाली. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी नोंदी ठेवते, वाचत नाही."

"कोण वाचतं? मला वही बघू दे."

तिनं पांढरे सुती हातमोजे पुढे केले. मी ते चढवून सत्तेचाळिसावं पान नीट पाहिलं. मूळ पान शिवणीपासून बोटभर सोडून सरळ रेषेत कापलं होतं. उरलेल्या पट्टीला तेवढ्याच मापाचा नवा कोरा कागद पारदर्शक टेपनं जोडला होता. त्या टेपच्या कडेला बारीक चौकोनी भोकांची रांग होती. ती फिल्म जोडायची टेप. वरच्या कोपऱ्यात पिवळ्या मेणपेन्सिलीनं ४७ लिहिलं होतं, खाली एक रेघ मारली होती.

हे सगळं मी पाहिलं आणि वहीत टिपून घेतलं. टिपून घेणं हा माझ्या हाताचा धर्म आहे. पण एखादी गोष्ट दिसूनही कळत नाही असे दिवस असतात, आणि माझे ते चालू होते.

"फिल्मची टेप," मी म्हणाले.

दप्तरताईनं आवाज खाली आणला. "संचालकांनाही मी दाखवली. ते म्हणाले, बोभाटा करू नका. काकू, त्या दोघांत फिल्म जोडणारा एकच आहे ना? आणि यंदा त्याच्याच गळ्यात हार पडायचाय. मग माझाच बळी जाणार."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

३

समीक्षक हे त्या वर्षीच्या परीक्षकांपैकी मागे राहिलेले एकटेच. घरभर पुस्तकं. बसायच्या खुर्चीवरही पुस्तकं, ती त्यांनी उचलायचा प्रयत्न केला आणि अर्धी खाली पाडली. हात फार थरथरत होते.

"मानपत्र मी लिहिलं," ते म्हणाले. "एका बैठकीत. 'ह्या कात्रीनं काळाला उलटं चालायला शिकवलं.' ऐकलं असेल."

"ऐकलंय." न ऐकून जाते कुठे? त्या एका वाक्यावर त्यांची तीन पुस्तकं निघाली होती.

"मग खेळवही कशाला बघायला गेला होतात?"

"प्रस्तावना लिहितोय. खेळ किती वाजता सुरू झाला, ते हवं होतं. 'दुपारी चार वाजता एका अंधाऱ्या खोलीत इतिहास घडला', अशी सुरुवात आहे. चारच वाजले होते ना, खात्री करायची होती."

"झाली?"

"कुठली! पान कोरंच. मला वाटलं ऑपरेटर आळशी असेल."

"आमचे हे होते ऑपरेटर."

ते ओशाळले. "तसं नव्हतं म्हणायचं, बाई. त्यांच्याबद्दल कळलं. वाईट झालं."

"हो," मी म्हणाले. तीन महिने लोकांना हेच एक अक्षर देत होते. "पान कोरं दिसलं, तर दप्तरात सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? कोरी पानं जगात पुष्कळ असतात." त्यांनी चहाचा कप उचलला. अर्धा चहा बशीत गेला. "एक मात्र सांगतो. त्या दिवशी अंत्ययात्रेच्या मागोमाग लग्न सुरू झालं, तेव्हा आम्ही सातही जण ताठ बसलो होतो. असं काही आम्ही आधी पाहिलंच नव्हतं. आयुष्यात एकदा मिळतो हो असा क्षण."

कप धरता येत नाही तो माणूस इतक्या सरळ रेषेत पान कापणार नाही. आणि आपल्या आयुष्यातल्या एकमेव क्षणाची नोंद नष्ट करून त्याला मिळणार काय? मी त्यांच्या नावापुढे फुली मारली. उरले उस्ताद.

४

उस्ताद एका गल्लीच्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर राहत. नव्वदीला टेकलेले, कान तिखट, नजर अधू. पुढच्या खोलीत त्यांचं जुनं संकलनाचं टेबल अजून होतं, आणि सुनेनं त्याच्यावर इस्त्रीचे कपडे रचले होते.

"या खोडीबाई," ते म्हणाले. "माझ्या एका चित्रपटात तुम्ही कप उजव्या हातातून डाव्या हातात जाताना पकडला होता. पूर्ण प्रसंग पुन्हा करायला लागला. अजून विसरलो नाही."

"डाव्यातून उजव्यात," मी म्हणाले.

ते हसले. मी ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. कोरं पान, टेप, निलंबनाचं पत्र, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे संशय माझ्यावर."

"वहीत त्या पानावर असं काय होतं, की ते नसलेलं तुम्हाला बरं पडावं?"

"ते मी शुक्रवारी सांगीन. सगळ्यांसमोर. तुमच्या दप्तरवालीवर आच येऊ देणार नाही. मी गेलोच होतो वही बघायला, कारण मलाही ते पान हवं होतं. ते आधीच गेलेलं होतं." त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "पण खोडीबाई, तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात, आणि तुम्हाला हे कळलं नाही? संकलक कापतो, मग काय करतो?"

"जोडतो."

"कशाला काय जोडतो? नको ते काढतो आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडतो. मध्ये जागा ठेवत नाही. मी ते पान कापलं असतं, तर शेहेचाळिसाला अठ्ठेचाळीस चिकटवून मोकळा झालो असतो. तुम्ही म्हणता, कापल्या जागी तेवढ्याच मापाचा कोरा कागद लावलाय."

"हो."

"ही आमची रीत नव्हे. प्रिंट फाटली, चार चौकटी गेल्या, तर आवाज पुढे-मागे होऊ नये म्हणून तेवढ्याच चार काळ्या चौकटी कोण भरतं? जितकं काढलं तितकं भरायचं, लांबी बदलू द्यायची नाही, ही सवय कुणाची?"

उत्तर मला माहीत होतं, पण ते उत्तर तीन महिन्यांपूर्वी गेलं होतं आणि वही महिन्यापूर्वी पूर्ण होती.

५

बुधवारी सकाळी मी चहाचा डबा काढला. रोज काढते. दोन कप आधण ठेवते, एक पिते, एक ओतून देते. डब्याच्या गोल झाकणावर ह्यांच्या हातची पिवळी मेणपेन्सील होती: 'चहा', आणि खाली रेघ.

साखरेच्या डब्यावर 'साखर', खाली रेघ. रवा, रेघ. पोह्यांवर नुसता '४', कारण त्या फळीवरचा तो चौथा डबा, आणि त्याखालीही रेघ. लग्नानंतर मी एकदा विचारलं होतं, ही रेघ कसली? हे म्हणाले होते, "गोल झाकणाला वर-खाली नसतं. अंधारात रिळाचा डबा उलटा धरला तर आकडा फसवतो. रेघ असली की कळतं, इकडे पाय, तिकडे डोकं."

वहीच्या पानाला वर-खाली असतं. तिथं रेघेची काहीच गरज नव्हती. सवयीनं मारली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी गॅस बंद केला आणि तशीच तळघरात गेले.

"एक खरं सांग," मी दप्तरताईला म्हणाले. "गेल्या महिन्यात पानं तपासलीस म्हणजे काय केलंस?"

"मोजली."

"वाचली?"

"चारशे वह्या आहेत, काकू. कडेवर अंगठा फिरवून मोजते. शहाण्णव भरली, सही केली."

"कोरं पानही मोजण्यात धरलं जातं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला हळूहळू कळत होतं. "म्हणजे ते... त्याच्याही आधी?"

"त्याआधी वर्षभरात कोण कोण आलं होतं?"

"कोणीच नाही. बाहेरच्यांची सगळी नावं आहेत की रजिस्टरात."

"बाहेरच्यांची. आणि घरच्यांची?"

"ऑपरेटरकाका यायचे," ती म्हणाली. "दर बुधवारी. जुन्या प्रिंटा तपासायला, फुकटात. त्यांना कुठं सही करायला लावणार? ते आले की मी चहा सांगायला वर जायचे. काकू, मी विसरले नव्हते. ते मोजायचे असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

आयुष्यभर हे काचेच्या मागं उभे राहिले आणि लोकांनी पडदा पाहिला. इथंही तेच झालं होतं.

"शेवटचे कधी आले होते?"

"जायच्या पंधरा दिवस आधी. त्या दिवशी विचारत होते, इतिहासाच्या तारखा कोण तपासणार? मी म्हटलं, दुसरं कोण, आपल्या काकूच. ऐकून बराच वेळ बसून राहिले."

६

ऑपरेटर कापलेला तुकडा कधी टाकत नाही. आमच्या पलंगाखाली ह्यांचा एक डबा होता, त्यात चाळीस वर्षांचे फिल्मचे तुकडे होते आणि प्रत्येकावर चिठ्ठी. तीन महिने मी तिथं झाडू घालताना डबा सरकवत होते, उघडला नव्हता.

पान सगळ्यात वर होतं, गुंडाळून, दोऱ्यानं बांधून. चिठ्ठी नव्हती.

मी ते जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

रीळ १ चढवलं ४.००. रीळ २, ४.१९. रीळ ३, ४.३८. मग त्याच शाईत, त्याच अक्षरात: '४.५० दवाखान्याचा फोन. मुलगी झाली. गेली.'

त्याखाली: 'रीळ ५, ४.५७. रीळ ४, ५.१६. क्रम चुकला. चूक माझी.' मग रीळ ६, ५.३५. रीळ ७, ५.५४. खेळ संपला ६.१२. सही.

आता सगळं जागच्या जागी बसलं. शिंप्याच्या मुलीचं लग्न चौथ्या रिळात होतं, आईचं मरण पाचव्यात. साध्या क्रमानं सांगितलेली साधी गोष्ट. पाचवं आधी चढलं आणि परीक्षक ताठ बसले. नंतर निर्मात्यानं तोच क्रम कायम केला. खरा क्रम फक्त ह्या पानावर उरला, आणि नोंदी कोणी वाचत नाही.

कोडं सुटलं होतं. मी मात्र त्या एका ओळीवर थांबले होते.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी पावणेसातला हे दवाखान्यात आले. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. हे म्हणाले, "मला आत्ता कळलं, इथं आल्यावर." मग जरा वेळानं विचारलं, "चहा आणू?" एवढंच. डोळे कोरडे. नंतरही मुलीचा विषय ह्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आम्हाला दुसरं मूल झालं नाही.

मी दोन गोष्टी मनात धरून इतकी वर्षं संसार केला. ह्यांना आधी माहीत नव्हतं, म्हणून मी माफ केलं. हे रडले नाहीत, ते मी माफ केलं नाही.

आणि ह्यांना चार पन्नासलाच माहीत होतं. त्यानंतर एक तास बावीस मिनिटं हे मशीनपाशी थांबले. त्यांनी पान कापलं ते उस्तादांच्या अब्रूसाठी नाही, स्वतःच्या चुकीसाठीही नाही. मी वाचू नये म्हणून कापलं.

मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, आला नाही. चारही वाट्या धुऊन पालथ्या घातल्या. पान दिलं तर दप्तरताई सुटणार होती, पण माझा नवरा चोर ठरणार होता, उस्तादांचा पुरस्कार अपघात ठरणार होता आणि आमची मुलगी चार परक्या माणसांच्या तोंडी जाणार होती. नाही दिलं, तर कुणालाच काही कळणार नव्हतं.

७

शुक्रवारी संचालकांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. वरचे लोक अकराला येणार होते. दप्तरताई दाराशी उभी होती, तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

मी पान टेबलावर ठेवलं.

मग एकेक करून सांगितलं. टेप, काळ्या चौकटींची रीत, आकड्याखालची रेघ, कडेवरून मोजलेली पानं, बुधवारचा चहा. माझा आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा सरळ चालला होता. "पान माझ्या नवऱ्यानं कापलं. साडेतीन महिन्यांपूर्वी. हिचा काही संबंध नाही."

संचालकांनी ड्रॉवर उघडला, पत्र काढलं आणि रुमाल न काढता फाडलं. "बसा ताई," ते दप्तरताईला म्हणाले. ती मटकन बसली आणि तोंडाला पदर लावला.

समीक्षक पानावर वाकून वाचत होते. "म्हणजे चाळीस वर्षं मी," ते म्हणाले, "ऑपरेटरच्या चुकीवर..." मला त्यांची दया आली असती, पण दयाही येत नव्हती.

उस्तादांना अक्षर दिसत नव्हतं. "मोठ्यानं वाचा," ते मला म्हणाले.

मी वाचलं. चार पन्नासची ओळही वाचली.

"हेच सांगणार होतो मी आज," उस्ताद म्हणाले. "मी त्या दिवशी हॉलमध्ये शेवटच्या रांगेत होतो. चौथ्याच्या जागी पाचवं रीळ पडद्यावर आलं. उठलो. मग नियम आठवला, थांबवलं तर चित्रपट बाद. बसलो. त्या रिळाचा शेवट आला, तसं वाटलं, निदान पुढचं तरी विचारावं, म्हणून जिना चढून वर गेलो. दार आतून बंद. दाराला छोटी काच होती."

"मग?" संचालकांनी विचारलं.

उस्ताद माझ्याकडे वळले. त्यांना मी दिसत नसणार, आवाजाच्या अंदाजानं वळले. "खोडीबाई, तो रडत होता. मशीनला एक हात, फोकस सांभाळायला, आणि दुसऱ्या हाताची मूठ तोंडात. आवाज हॉलमध्ये जाऊ नये म्हणून. असं रडताना मी पुरुषाला कधी पाहिलं नाही. कशासाठी ते मला माहीत नव्हतं. मी काच वाजवली नाही, खाली आलो. बक्षीस घेतलं आणि गप्प बसलो. निम्मं त्याच्यासाठी गप्प बसलो, निम्मं माझ्यासाठी. खोटं कशाला बोलू?"

मला एकच प्रश्न सुचला. आयुष्यभर तोच विचारत आले.

"तेव्हा कुठलं रीळ चालू होतं?"

"चौथं. लग्नाचं."

संचालकांनी पान स्वतःकडे ओढलं. "बाई, पुस्तकात ह्या पानाचा फोटो छापावा लागेल. उस्तादांचीही हरकत दिसत नाही. ती दवाखान्याची ओळ आपण झाकून टाकू. खाजगी आहे."

"झाकू नका," मी म्हणाले. "जसं आहे तसं छापा. मुलीची नोंद दुसरीकडे कुठंच नाही."

दुपारी मी दप्तरताईला म्हटलं, मला शिंप्याच्या चित्रपटाचं लग्नाचं रीळ बघायचंय. तपासणीचं छोटं मशीन ह्यांनीच तिला शिकवलं होतं. तळघरातल्या छोट्या पडद्यासमोर मी एकटी बसले. वाजंत्री वाजली, मुलगी आरशासमोर बसली, आई तिच्या केसांत पिना खोचायला आली. हा प्रसंग मी वीस वेळा पाहिला असेल. आज मी पडद्यावर ती दाराची काच पाहत होते, काचेमागचे हे, आणि ह्यांच्या तोंडातली मूठ.

आईनं मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि माझ्या घशातून असा आवाज निघाला की तो माझाच आहे हे मला आधी कळलं नाही. मग थांबेचना. मुलीसाठी, ह्यांच्यासाठी, रोज ओतून दिलेल्या कपासाठी.

मशीनमागून दप्तरताई धावत आली. "काकू! थांबवू का? बंद करते मी."

"नको," मी म्हणाले. "चालू झालेला खेळ थांबवायचा नाही."